बाईकवरची गाणी मध्येच बंद का पडतात? बिघाड शोधायचा कसा?

घर सोडलं तेव्हा गाणी मस्त वाजत होती. पहिल्या मोठ्या खड्ड्यात आवाज गेला, दोन मिनिटांनी आपोआप परत आला. घाट चढताना पुन्हा गायब. गॅरेजवाल्याला दाखवायला जावं तर तिथे सगळं व्यवस्थित!

बाईकवर स्पीकर आणि अँप्लिफायर लावलेल्या अनेकांना हा अनुभव येतो. मग नवे स्पीकर घेतले जातात, कधी अँप्लिफायरही बदलला जातो. पण बऱ्याचदा दोष या वस्तूंमध्ये नसतोच. तो असतो त्यांना मिळणाऱ्या करंटमध्ये.

आवाज नेमका कधी जातो?

काहीही उघडण्याआधी हे लक्षात घ्या, कारण अर्धं उत्तर इथेच मिळतं.

आवाज वाढवल्यावर किंवा सिग्नलला थांबल्यावर बंद पडत असेल, तर व्होल्टेज कमी पडतंय. खड्ड्यात किंवा हँडल वळवताना बंद पडत असेल, तर कुठेतरी वायर सैल किंवा तुटलेली आहे. अर्ध्या तासाने बंद पडून थंड झाल्यावर सुरू होत असेल, तर अँप्लिफायर तापतोय. आणि अँप्लिफायरचा दिवा चालू असूनही आवाज तुटत असेल, तर ब्लूटूथ तपासा.

बाईकच्या बॅटरीला हा भार झेपतो का?

साधं गणित पाहू. अँप्लिफायर खरोखर १०० वॅट घेत असेल, तर १२ व्होल्टवर तो ८ अँपिअरपेक्षा जास्त करंट ओढतो. साध्या कम्युटर बाईकचा हॅलोजन हेडलाईट साधारण ३५ वॅटचा असतो. म्हणजे गाण्यांचा भार जवळपास तीन हेडलाईटइतका. १०० ते १२५ सीसीच्या बाईकची बॅटरी मात्र बहुधा ३ ते ५ अँपिअर-तासांचीच असते.

त्यात भारतात १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट इंजिन सुरू होताच आपोआप लागतो. तो भार कायमचा. सिग्नलला इंजिन मंद फिरतं, चार्जिंग कमी होतं, आणि बासचा ठोका आला की व्होल्टेज खाली जातं. ते साधारण १० ते ११ व्होल्टच्या खाली गेलं की अनेक अँप्लिफायर स्वतःला वाचवण्यासाठी बंद होतात.

हे तपासायला साधा मल्टीमीटर पुरतो. इंजिन बंद असताना चार्ज झालेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. इंजिन सुरू करून थोडी रेस दिली की आकडा १३.५ ते १४.५ दरम्यान हवा. तो वाढतच नसेल, तर आधी चार्जिंग दुरुस्त करून घ्या.

बॅटरी ठीक, तरी आवाज जातोय?

मग अर्थिंग पाहा. अँप्लिफायरची मायनस वायर चासीच्या रंगावरच बोल्टने आवळलेली असते, हा नेहमी सापडणारा दोष. रंगातून करंट नीट जात नाही. पावसाळ्यात तिथे गंज चढतो आणि इंजिनाची थरथर बोल्ट सैल करते.

गाणं मोठ्याने वाजत असताना मीटरचं एक टोक बॅटरीच्या मायनसवर आणि दुसरं अँप्लिफायरच्या मायनस टर्मिनलवर धरा. आकडा शून्याजवळ हवा. अर्ध्या व्होल्टच्या पुढे गेला, तर जोड खराब आहे. अशीच तपासणी प्लसच्या बाजूनेही करा. मायनस वायर थेट बॅटरीला नेणं सगळ्यात खात्रीचं.

हेही ठीक निघालं, तर गाणं सुरू ठेवून एकेक वायर हळूच हलवून पाहा. हँडलच्या वळणावर आणि सीटखाली वायर घासते, दबते. स्पीकरची सोललेली वायर चासीला टेकली तरी अँप्लिफायर लगेच बंद होतो. एकाच चॅनेलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की भार २ ओहमचा होतो. अँप्लिफायर त्यासाठी बनलेला नसेल, तर तापून बंद पडणारच. डिकीत कोंबलेल्या अँप्लिफायरला हवा मिळत नाही, तो वेगळाच प्रश्न.

ब्लूटूथचं काय?

ब्लूटूथचे सिग्नल माणसाच्या शरीरात बरेच शोषले जातात. फोन मागच्या खिशात आणि रिसीव्हर हँडलपाशी असेल, तर मध्ये तुम्हीच आडवे येता. फोन पुढच्या खिशात ठेवा आणि बॅटरी सेव्हर बंद करून पाहा.

ही चूक मात्र करू नका

फ्यूज सारखा उडतोय म्हणून १० अँपिअरच्या जागी ३० चा बसवणं किंवा फ्यूजच्या जागी तारेचा तुकडा लावणं, हा सर्रास दिसणारा जुगाड. फ्यूज गाण्यांसाठी नसतो, वायर जळू नये म्हणून असतो. मोठा फ्यूज उडणार नाही, त्याऐवजी वायर तापेल. आणि ती वायर बहुतेक वेळा पेट्रोलच्या टाकीखालून गेलेली असते.

फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ, प्लस वायरवरच हवा. हेडलाईट किंवा हॉर्नच्या वायरला टाका मारून करंट घेऊ नका. तिथे बिघाड झाला, तर रात्री घाटात नुसतं गाणं जाणार नाही, दिवाही जाईल. काम करताना बॅटरीची मायनस वायर आधी काढा आणि शेवटी जोडा. म्हणजे पाना चुकून चासीला लागला तरी ठिणगी उडणार नाही.

इतकं करूनही आवाज जात असेल, तर ऑटो इलेक्ट्रिशियनकडे जा. आवाज कधी जातो आणि मीटरने काय दाखवलं, हे त्याला सांगा. नुसतं ‘मध्येच बंद पडतं’ म्हणण्यापेक्षा त्याचा वेळ आणि तुमचे पैसे दोन्ही वाचतील.