विंचूकाट्याआधीच बॅटरी ‘डेड’?

पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरायचं, आधी भाजे लेणी आणि मग लोहगड. हा प्लॅन ठरलेलाच! पण भाज्याच्या २२ लेण्यांचे फोटो काढेपर्यंतच कॅमेऱ्याची बॅटरी मान टाकते आणि गडावरचा विंचूकाटा नुसता डोळ्यांनी बघावा लागतो. अशा वेळी लगेच नवी बॅटरी घ्यायला धावू नका. आधी खरा चोर कोण ते शोधा : बॅटरी की कॅमेरा?

टेस्ट सोपी आहे. बॅटरी फुल चार्ज करून दोन दिवस कॅमेऱ्याबाहेर ठेवा. तरीही चार्ज बराच उतरला, तर बॅटरीच थकलीय. बाहेर टिकते, पण बंद कॅमेऱ्यात उतरते? मग दोष कॅमेऱ्याकडे. मेन्यूत जाऊन वायफाय, ब्लूटूथ, जीपीएस बंद करा. काही कॅमेऱ्यांत स्विच ऑफ केल्यावरही यातलं काही ना काही चालूच राहतं.

दोन्ही ठीक असतील, तर आपल्या सवयी तपासा. स्क्रीनचा ब्राइटनेस उतरवा, प्रत्येक फोटो लगेच बघायचा मोह आवरा, ऑटो पॉवर ऑफ एका मिनिटावर आणा. चालू कॅमेरा सॅकमध्ये कोंबला, की बटण दाबलं जाऊन तो पुन्हा पुन्हा जागा होतो. थंडीत लिथियम-आयन बॅटरी कमी चालते, म्हणून डिसेंबरच्या पहाटे गड चढताना स्पेअर बॅटरी आतल्या खिशात ठेवा.

आणि बॅटरी फुगली असेल, तर प्रयोग नकोतच. ती थेट ई-कचऱ्यात द्या.