ज्वारीच्या मुलखात भाकरीचा शोध

सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या शेंदूरजनाघाटला संत्र्याची कलमे नेण्यासाठी दूरदूरचे शेतकरी येतात. दुपारी त्यांतील शाकाहारी माणूस खानावळीत शिरला, की त्याच्यापुढे बहुधा पनीर आणि पोळी येते. ज्वारीची भाकर, पिठले, वांग्याचे भरीत, तुरीचे वरण हे वऱ्हाडचे अस्सल शाकाहारी जेवण. त्यासाठी मात्र कुणाच्या तरी घरचा पाहुणाच व्हावे लागते.

असे का व्हावे? सोयाबीन आले, तसे ज्वारीचे क्षेत्र आटत गेले. शिवाय भाकर एकेक करून हाताने थापावी लागते; खानावळीच्या घाईला ते परवडत नाही. शासनाने 1995 मध्ये एक रुपयात झुणका-भाकर देऊ केली. 2020 मध्ये सुरू झालेल्या शिवभोजन थाळीत त्याच शासनाने चपाती वाढली. पुढे 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले आणि ज्वारीच्या गौरवाची भाषणे झाली.

भाषणांनी ज्वारी पिकत नाही. बाजाराच्या आवारात बचत गटांच्या महिलांना चूल मांडण्यापुरती जागा व थापणीचा रास्त मोबदला मिळाला, तर शाकाहाऱ्याला जेवण मिळेल आणि ज्वारीला गिऱ्हाईक.