मंडळाचा पत्ता कोणाच्या नावावर?

अमेरिकेतल्या अनेक महाराष्ट्र मंडळांत जानेवारीत नवी कार्यकारिणी येते. जुन्या अध्यक्षांच्या गॅरेजमधलं सामान नव्या अध्यक्षांच्या गॅरेजमध्ये जातं. समया, पाट, लेझीम, ढोल-ताशे, स्पीकर, चहाचा मोठा थर्मास, उरलेल्या पत्रावळी. खजिनदार बँकेत जाऊन सह्या बदलून घेतात. सगळं कसं यादीप्रमाणे. या यादीत एक गोष्ट मात्र मला क्वचितच दिसली आहे, ती म्हणजे मंडळाची वेबसाइट. ‘ती काय, आहेच की ऑनलाइन!’

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. त्यामुळे आमच्या ओहायोतल्या मंडळात कार्यकारिणीवर नसतानाही ‘जरा वेबसाइटचं बघतोस का?’ हा फोन ठरलेला. ओळखीतून आणखी दोन-तीन मंडळांचे फोन येतात. आजवर जे पाहिलं त्यावरून सांगतो, अडचण टेक्नॉलॉजीची कमी आणि ‘हे नक्की कोणाच्या नावावर आहे?’ याचीच जास्त असते.

आधी एक घोळ दूर करू. वेबसाइट म्हणून आपण ज्याला एकच वस्तू समजतो, त्या खरं तर तीन वस्तू आहेत. पहिली डोमेन, म्हणजे डॉट ऑर्ग किंवा डॉट कॉमवालं नाव. हा तुमचा पत्ता. दुसरी होस्टिंग, म्हणजे ज्या कॉम्प्युटरवर तुमची पानं आणि फोटो ठेवलेत ती भाड्याची जागा. तिसरी ईमेल, म्हणजे त्या पत्त्यावरची टपालपेटी. तिन्ही एकाच कंपनीकडून घेता येतात किंवा तीन वेगवेगळ्या कंपन्यांकडून. पण पत्ता गेला, की जागा आणि टपालपेटी शाबूत असूनही कोणाला सापडत नाहीत. आणि हा पत्ता कायमचा विकतही मिळत नाही. तो भाडेपट्ट्याने मिळतो, एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी. भाडं वर्षाला साधारण पंधरा-वीस डॉलर. रक्कम इतकी किरकोळ, की ती कोण भरतं हे विचारायचंच राहून जातं.

आमच्या मंडळात नेमकं हेच झालं. गणपतीला महिना असताना एका शुक्रवारी वेबसाइटच्या जागी जाहिरातींचं पान दिसायला लागलं. डोमेनची मुदत संपली होती. ते घेतलं होतं सहा वर्षांपूर्वीच्या सेक्रेटरींनी, चांगल्या मनाने, स्वतःच्या नावावर आणि स्वतःच्या क्रेडिट कार्डवर. ते कार्ड बंद झालं होतं, म्हणून आपोआप होणारं नूतनीकरण झालं नाही. आठवणीच्या मेल आल्या होत्या, पण त्या मंडळाच्याच जुन्या सेक्रेटरी खात्यावर. ती पेटी कोणी उघडत नव्हतं. खरी गंमत पुढे. पासवर्ड बदलायचा तर त्याची लिंकही त्याच मंडळाच्या ईमेलवर जाणार आणि डोमेन बंद म्हणून ईमेलही बंद. किल्ली घरात ठेवून दार ओढून घ्यावं, तसा प्रकार.

सेक्रेटरी एव्हाना पुण्याला परतले होते. त्यांना पासवर्ड आठवत होता, पण ओटीपी जात होता त्यांच्या जुन्या अमेरिकन नंबरवर, जो त्यांनी कधीच सोडून दिला होता. परदेशात राहणाऱ्या कोणालाही हा त्रास समजावून सांगायला नको! कंपनी म्हणाली, डोमेन ज्या व्यक्तीच्या नावावर आहे तिचा पासपोर्ट पाठवा. मंडळाच्या नोंदणीच्या कागदांना तिथे शून्य किंमत, कारण कागदोपत्री नाव मंडळाचं नव्हतंच. ते गृहस्थ देवमाणूस. रात्री जागून त्यांनी सगळं केलं. तरी नऊ दिवस गेले. जेवणाची नोंदणी, मुलांच्या कार्यक्रमाचे अर्ज, हॉलवाल्यांच्या मेल, सगळं अडकलं. ‘मंडळ बंद पडलं का हो?’ असे फोन आले.

एक फोन वेगळा होता. आमच्या संस्थापक सदस्यांपैकी एका काकांच्या पत्नीचा. काका जाऊन चार वर्षं झाली. मंडळाच्या पहिल्या नाटकाचे फोटो वेबसाइटवर होते, त्यात काका तात्यासाहेबांच्या भूमिकेत. मूळ अल्बम घर बदलताना हरवलेला. काकूंनी विचारलं, ‘आमच्या ह्यांचे फोटो गेले का रे?’ गेले नव्हते, कारण होस्टिंग चालू होतं, फक्त पत्ता बंद होता. पण त्या निमित्ताने चौकशी झाली आणि कळलं, की मंडळाच्या जन्मापासूनच्या फोटोंची आणि दिवाळी अंकांची दुसरी प्रत कोणाकडेच नाही.

मुदत संपली म्हणजे नाव लगेच गेलं असं नसतं, हेही सांगायला हवं. डोमेनचा जागतिक कारभार पाहणाऱ्या आयकॅन या संस्थेच्या नियमानुसार कंपनीने मुदतीच्या साधारण एक महिना आधी, एक आठवडा आधी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांत आठवण करायची असते. डॉट कॉम, डॉट ऑर्गसारख्या नावांना त्यानंतर जास्तीत जास्त ४५ दिवसांपर्यंत सवलत मिळू शकते, पण ती किती द्यायची हे कंपनीच्या हातात. काही कंपन्या याच काळात नाव लिलावालाही काढतात. नाव रद्द झालं, की पुढचे ३० दिवस ते जबर दंड भरून सोडवता येतं. मग ५ दिवस काहीच करता येत नाही आणि त्यानंतर जो पहिला येईल त्याचं. विसरण्यात मोठेही मागे नाहीत. १९९९ च्या नाताळात हॉटमेलच्या लॉगिनसाठी लागणाऱ्या पासपोर्ट डॉट कॉमचं भाडं भरायचं खुद्द मायक्रोसॉफ्ट विसरली होती. शेवटी मायकेल चेनी नावाच्या एका प्रोग्रॅमरने स्वतःच्या कार्डवरून ३५ डॉलर भरले.

दुसरी बाजू ईमेलची. मंडळाच्या अध्यक्षांच्या नावाने खजिनदारांना मेल येते, ‘मी मीटिंगमध्ये आहे, तातडीने पाच गिफ्ट कार्ड घ्या आणि नंबर पाठवा.’ आमचे खजिनदार वाचले, कारण अध्यक्ष ‘नमस्कार मंडळी’ लिहिल्याशिवाय मेलच सुरू करत नाहीत. ईमेलची मूळ पद्धत १९८२ ची. पाठवणारा खरंच तोच आहे का, हे तपासायची सोय तीत नव्हती. पाकिटावर मागे कोणाचंही नाव लिहावं, तसं. ती सोय नंतर डोमेनच्या सेटिंगमध्ये आली. एसपीएफ म्हणजे आमच्या नावाने टपाल टाकायची परवानगी कोणाकोणाला आहे त्याची यादी. डीकेआयएम म्हणजे पत्रावरचा लाखेचा शिक्का. डीमार्क म्हणजे यादी आणि शिक्का यांपैकी काहीच जुळलं नाही तर पत्राचं काय करायचं, याची पलीकडच्या टपालखात्याला सूचना. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू या बाबतीत कडक झाले आहेत. मंडळाच्या मेल सगळ्यांच्या स्पॅममध्ये जात असतील, तर आधी इथेच बघा. मात्र कोणी अध्यक्षांचं नाव लावून भलत्याच जीमेलवरून मेल पाठवली, तर यातलं काहीच ती अडवत नाही. म्हणून पैशांची मागणी आली की फोन करायचा, हा नियम हवाच.

टपालाने येणारी पत्रंही सांभाळा. बिलासारखं दिसणारं पत्र येतं, ‘तुमच्या डोमेनची मुदत संपतेय’. खाली बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, की पैसे भरलेत तर डोमेन आमच्याकडे हलवलं जाईल. भाव नेहमीच्या कितीतरी पट. दर वर्षी खजिनदार नवे, चेकबुक समोर, चेक जातो.

उरलं होस्टिंग. बऱ्याच मंडळांच्या वेबसाइट वर्डप्रेसवर असतात. ते वाईट नाही, पण त्याची आणि त्यातल्या प्लगइनची अपडेट वेळच्या वेळी केली नाहीत, तर चोराला दार उघडं मिळतं. मग दिवाळी पहाटच्या पानावर औषधांच्या जाहिराती दिसायला लागतात. पासवर्ड ‘बाप्पामोरया१२३’ असतो आणि तो सहा वर्षांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर पडलेला असतो. बॅकअप घेतला तर त्याच होस्टिंगवर ठेवला जातो. घराला आग लागली तर घराबरोबर तिजोरीही जळणार!

उपाय महागडे नाहीत. डोमेनवर नाव मंडळाचं लावा, व्यक्तीचं नको. त्या खात्याचा ईमेल मंडळाच्या डोमेनवरचा नको, बाहेरचा हवा आणि तो किमान दोन पदाधिकाऱ्यांना उघडता यायला हवा. ओटीपी एकाच्या फोनवर ठेवू नका. ऑथेंटिकेटर अॅप वापरा आणि त्याचे बॅकअप कोड कागदावर छापून मंडळाच्या कागदपत्रांत ठेवा. भाडं पाच वर्षांचं एकदम भरा. पासवर्ड मंडळाच्या पासवर्ड मॅनेजरमध्ये ठेवा आणि जानेवारीत कार्यकारिणी बदलली की तेही बदला. बॅकअपची एक प्रत होस्टिंगच्या बाहेर, शक्यतो कोणाच्या तरी हार्ड डिस्कवर. आणि मंडळाची ५०१ (सी) (३) नोंदणी असेल, तर पात्र संस्थांना गूगलची ईमेल सेवा मोफत मिळते, अर्ज करून बघा.

हे वाचणारे भारतातले नातेवाईक असतील, तर त्यांनाही एक सांगणं. मालवणात होम-स्टे चालवणारा भाऊ असो, नाहीतर लोणच्याचा उद्योग करणारी वहिनी, वेबसाइट बनवून देणारा अनेकदा डोमेन स्वतःच्याच नावावर घेतो. पुढे वाद झाला की धंद्याचा पत्ता त्याच्या हातात. पैसे देण्याआधी विचारा, ‘नाव कोणाच्या नावावर?’

आमच्या मंडळाच्या हस्तांतराच्या यादीत यंदा समयांच्या खाली एक ओळ वाढली आहे, ‘डोमेन, होस्टिंग, ईमेल: चालू करून पाहिलं, सही.’ आणि नाटकाचे फोटो आता तीन ठिकाणी आहेत. त्यातली एक प्रत काकूंच्या पेनड्राइव्हवर. त्यांनी तो देवघराच्या खणात ठेवला आहे.