चंद्राच्या नकाशापासून बेनूच्या मातीपर्यंत

१९६० साली चंद्राचा अभ्यास करणं खगोलशास्त्रज्ञांच्या वर्तुळात फारसं प्रतिष्ठेचं मानलं जात नव्हतं. मोठ्या दुर्बिणी तारे आणि दीर्घिकांच्या मागे होत्या. चंद्राचा उजेड तर निरीक्षणांच्या आड येणारा. भूशास्त्रज्ञांना हातोडीने फोडून पाहता येईल असा खडक हवा, आणि तो चंद्रावरून कोण आणून देणार? ग्रह आणि उपग्रह असे दोन्ही घरांतून बाहेर पडलेले होते. त्याच वर्षी जेरार्ड कायपर शिकागो विद्यापीठाची यर्कीस वेधशाळा सोडून अ‍ॅरिझोनातल्या टूसॉन गावी आले आणि तिथल्या विद्यापीठात त्यांनी ‘ल्युनार अँड प्लॅनेटरी लॅबोरेटरी’ सुरू केली. आज ग्रहविज्ञान म्हणून जी विद्याशाखा जगभर शिकवली जाते, तिच्या जडणघडणीत या प्रयोगशाळेचा वाटा फार मोठा आहे.

कायपर मूळचे नेदरलँड्सचे. शनीच्या टायटन या उपग्रहाला वातावरण आहे हे त्यांनी १९४४ मध्ये दाखवून दिलं होतं. युरेनसचा मिरांडा आणि नेपच्यूनचा नेरीड हे उपग्रहही त्यांनीच शोधले. टूसॉनमध्ये कोरडी हवा होती, आसपास डोंगर होते आणि नवा विषय उभा करायला मोकळीक होती. आल्याआल्या त्यांनी हाती घेतलं ते चंद्राच्या नकाशाचं काम.

त्या कामातला एक प्रसंग मला या साऱ्या इतिहासाचा गाभा वाटतो. पृथ्वीवरून चंद्राच्या कडेचा भाग तिरका दिसतो. तिथली गोल विवरं चपटी होतात, डोंगररांगा एकमेकींवर चढतात. यावर प्रयोगशाळेने साधा उपाय काढला. दुर्बिणीतून घेतलेलं चंद्राचं छायाचित्र एका मोठ्या पांढऱ्या गोलावर प्रक्षेपित करायचं आणि मग बाजूला जाऊन, समोरून दिसेल अशा कोनातून त्याचा पुन्हा फोटो काढायचा. विल्यम हार्टमन हा तेव्हाचा विद्यार्थी हे काम करत होता. बाजूने पाहताना चंद्राच्या पश्चिम कडेला एकात एक वलयं असलेली प्रचंड रचना त्याला दिसली. तेच ओरिएंटाल खोरं. बाहेरच्या वलयाचा व्यास सुमारे ९३० किलोमीटर. १९६२ मध्ये हार्टमन आणि कायपर यांनी अशा वलयांकित खोऱ्यांवर निबंध प्रसिद्ध केला, आणि प्रचंड आघातांनी ग्रहांचे पृष्ठभाग घडतात या विचाराला भक्कम आधार मिळाला. पुढे १९७५ मध्ये याच हार्टमन यांनी डोनाल्ड डेव्हिस यांच्यासह, पृथ्वीवर एक मोठा गोळा आदळून उडालेल्या द्रव्यातून चंद्र बनला असावा, ही कल्पना मांडली.

नकाशांचा उपयोग लवकरच झाला. १९६४ मध्ये रेंजर ७ यानाने चंद्रावर आदळण्यापूर्वी चार हजारांहून अधिक छायाचित्रं पाठवली, तेव्हा त्यांचा अर्थ लावणाऱ्या शास्त्रज्ञांचं नेतृत्व कायपर करत होते. त्यांचे सहकारी युएन व्हिटेकर यांनी सर्व्हेयर ३ यान नेमकं कुठे उतरलं आहे हे हुडकून काढलं. यानाने टिपलेले आसपासचे दगड आणि खळगे त्यांनी कक्षेतून घेतलेल्या छायाचित्रांतल्या खुणांशी जुळवले. त्याच जागेच्या भरवशावर नोव्हेंबर १९६९ मध्ये अपोलो १२ सर्व्हेयरपासून जेमतेम १६० मीटरवर उतरलं आणि अंतराळवीर चालत त्या यानापर्यंत गेले.

१९७३ मध्ये विद्यापीठाने ग्रहविज्ञानाचा स्वतंत्र विभाग स्थापन केला. त्याच डिसेंबरात कायपर वारले. संस्थापक गेला की अनेक संस्था विझतात. इथे मात्र कामाच्या शाखा वाढतच गेल्या, कारण एव्हाना एकाच छताखाली वर्णपट वाचणारे, अशनींचं रसायन तपासणारे, विवरांची यांत्रिकी मांडणारे आणि यानांवरची उपकरणं बनवणारे लोक जमले होते.

टॉम गेरेल्स हे त्यांतलं एक मोठं नाव. तरुणपणी त्यांनी नाझींविरुद्धच्या डच प्रतिकारात भाग घेतला होता. पायोनियर १० आणि ११ या यानांवरून गुरू आणि शनीच्या प्रतिमा घेणारं उपकरण त्यांच्या गटाचं. १९८० मध्ये त्यांनी रॉबर्ट मॅकमिलन यांच्यासह किट पीक या डोंगरावर ‘स्पेसवॉच’ हा शोध-उपक्रम सुरू केला. लघुग्रहांच्या शोधासाठी फोटोच्या काचांऐवजी इलेक्ट्रॉनिक संवेदक नियमित वापरायला त्यांनीच प्रथम सुरुवात केली. गेरेल्स यांचा भारताशी जिव्हाळ्याचा संबंध होता. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेत ते शिकवायला येत असत.

लघुग्रह हुडकण्याची ही परंपरा पुढे याच प्रयोगशाळेच्या ‘कॅटालिना स्काय सर्व्हे’ने चालवली. ६ ऑक्टोबर २००८ रोजी माउंट लेमनवरच्या दुर्बिणीतून रिचर्ड कोवाल्स्की यांना एक छोटा लघुग्रह दिसला आणि सुमारे वीस तासांत तो सुदानच्या वाळवंटावर फुटला. आदळण्याआधी सापडलेला हा पहिला लघुग्रह. नंतर खार्टूम विद्यापीठाचे विद्यार्थी आणि शिक्षक ओळीने वाळवंट तुडवत गेले आणि त्याचे तुकडे गोळा केले.

आघातांमागचं भौतिकशास्त्र बसवण्याचं काम जे मेलॉश यांनी इथे अनेक वर्षं केलं. त्यांचा १९८९ चा ग्रंथ आजही त्या विषयाचा पाया मानला जातो. हे वाचताना मराठी माणसाला लोणार आठवल्याशिवाय राहत नाही. बुलढाणा जिल्ह्यातलं ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं विवर बेसाल्टमध्ये, म्हणजे आपल्या दख्खनच्या काळ्या पाषाणात घडलेलं आहे. चंद्रावरची काळी मैदानंही बेसाल्टचीच, म्हणून १९७० च्या दशकापासून लोणारच्या खडकांची तुलना चंद्राच्या खडकांशी होत आली. ते काम टूसॉनचं नव्हे. पण तिथे मांडलेलं आघाताचं गणित लोणारलाही लागू पडतं.

दिल्लीत जन्मलेल्या आणि तिथल्या आयआयटीत शिकलेल्या रेणू मल्होत्रा यांचं क्षेत्र कक्षांचं गणित. नेपच्यूनच्या तीन फेऱ्या होतात तेवढ्या वेळात प्लूटोच्या बरोबर दोन होतात. ही जुळणी कशी झाली? मल्होत्रा यांनी १९९३ मध्ये उत्तर दिलं, की नेपच्यून सूर्यापासून हळूहळू दूर सरकला आणि सरकता सरकता त्याने प्लूटोला आपल्या तालात ओढून घेतलं. ग्रह जन्मले तिथेच राहिले, ही समजूत त्यामुळे मागे पडली. पुढे त्या याच प्रयोगशाळेत प्राध्यापक झाल्या.

मंगळाची गोष्ट चिकाटीची आहे. १९९९ मध्ये ‘मार्स पोलर लँडर’ मंगळावर उतरताना नष्ट झालं. पीटर स्मिथ यांचा कॅमेरा आणि विल्यम बॉयंटन यांच्या गटाच्या, माती तापवून तिच्यातले वायू ओळखणाऱ्या भट्ट्या त्याच्याबरोबर गेल्या. या लोकांनी पुन्हा उपकरणं बांधली. बॉयंटन यांच्या दुसऱ्या एका उपकरणाने मंगळाच्या कक्षेतून, ध्रुवांकडच्या जमिनीखाली भरपूर हायड्रोजन, म्हणजे बहुधा बर्फ, असल्याचं २००२ मध्ये दाखवलं. मग २५ मे २००८ रोजी फीनिक्स यान मंगळाच्या उत्तर भागात उतरलं. विद्यापीठाच्या नेतृत्वाखालची ही मंगळावरची पहिली मोहीम, आणि उतरल्यानंतरचं कामकाज टूसॉनमधूनच चाललं. मातीचा पहिला घास भट्टीच्या जाळीवरच चिकटून बसला, कित्येक दिवस जाळी हलवावी लागली. दुसरीकडे फावड्याने खणलेल्या चरात फाशाएवढे काही पांढरे खडे दिसले. चार दिवसांनी त्याच जागेचा फोटो घेतला तर ते नाहीसे झाले होते. मीठ असतं तर जागेवरच राहिलं असतं. ते बर्फ होतं, थेट वाफ होऊन उडून गेलेलं.

आल्फ्रेड मॅकइवन यांचा हायराइज कॅमेरा २००६ पासून मंगळाभोवती फिरतो आहे आणि पृष्ठभागावरच्या टेबलाएवढ्या गोष्टीही टिपतो. त्याच्या चित्रांत उन्हाळ्यात उतारांवर लांबत जाणाऱ्या काळपट रेघा पहिल्यांदा लक्षात आल्या त्या लुजेंद्र ओझा या नेपाळी तरुणाच्या, तो पदवीचं शिक्षण घेत असताना. खारं पाणी वाहत असावं, असं २०११ मध्ये सुचवलं गेलं. २०१७ मध्ये नव्या मोजमापांवरून त्या रेघा कोरड्या वाळूच्या घसरणीच्या असाव्यात असं दिसलं, आणि तो निबंध लिहिणाऱ्यांत मॅकइवनही होते. आपणच मांडलेलं नव्या पुराव्यापुढे बाजूला ठेवण्याची ही शिस्त मला अनेक शोधांपेक्षा मोलाची वाटते.

या परंपरेची खरी कसोटी बेनू या लघुग्रहावरची माती आणण्याच्या मोहिमेत लागली. अशनींचे अभ्यासक मायकेल ड्रेक यांनी वर्षानुवर्षं प्रस्ताव मांडले, नकार पचवले, आणि मे २०११ मध्ये ‘ओसायरिस-रेक्स’ मंजूर झालं. सप्टेंबरात ड्रेक वारले. मोहीम दान्ते लॉरेटा यांनी पुढे नेली. ते याच विद्यापीठाचे पदवीधर. यान २०१८ मध्ये बेनूपाशी पोचलं तेव्हा अपेक्षित वाळूच्या जागी सगळीकडे दगडधोंडे निघाले. ५० मीटर रुंद मोकळी जागा गृहीत धरली होती, मिळाली १६ मीटरची. तरीही २० ऑक्टोबर २०२० रोजी यानाचा हात तिथे टेकला. २४ सप्टेंबर २०२३ रोजी कुपी युटाच्या वाळवंटात उतरली. किमान ६० ग्रॅमचं उद्दिष्ट होतं, आली १२१.६ ग्रॅम माती. त्या मातीत आटलेल्या खाऱ्या पाण्याचे क्षार सापडले, सजीवांच्या प्रथिनांतल्या २० अमिनो आम्लांपैकी १४ सापडली आणि डीएनए व आरएनए यांची पाचही अक्षरं, म्हणजे न्यूक्लिओबेस, सापडली.

ग्रहविज्ञानातली कामं अशी एका माणसाच्या उमेदीत मावत नाहीत. प्रस्तावापासून निष्कर्षापर्यंत दोन-तीन दशकं सहज जातात. मोहिमांना पैसा सरकार देतं, यानं कंपन्या बांधतात. पण प्रश्न जिवंत ठेवणं आणि तो पुढच्या हाती देणं, हे विद्यापीठच करू शकतं, कारण तिथे दरवर्षी नवे विद्यार्थी येतात आणि त्यांना दुय्यम कामं नव्हेत, खरी कामं दिली जातात. हार्टमनना गोल मिळाला, ओझांना हायराइजची चित्रं. आपल्याकडे चांद्रयान आणि मंगळयानाने तरुणांमध्ये केवढी ओढ निर्माण केली आहे! ती ओढ टिकवायची तर महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनीही ग्रहविज्ञानाला हक्काची जागा द्यायला हवी. भूशास्त्र, रसायन आणि भौतिकशास्त्राच्या विभागांनी एकत्र बसावं, लोणार तर घराजवळच आहे.

बेनूहून परतलेलं यान आता अपोफिस या लघुग्रहाकडे निघालं आहे. १३ एप्रिल २०२९ रोजी अपोफिस पृथ्वीपासून सुमारे ३२,००० किलोमीटरवरून जाईल आणि त्यानंतर यान त्याला गाठेल, अशी योजना आहे. या मोहिमेच्या प्रमुख डॅनी डेलाजुस्टिना आहेत. त्याही याच विद्यापीठात शिकल्या, विद्यार्थिदशेपासून बेनूच्या कामात होत्या, आणि आज त्यांच्या हाताखाली नवे विद्यार्थी तयार होत आहेत.