गाडी उलटली, त्यानंतर

गेल्या वर्षीच्या श्रावणातील एका रविवारी दुपारी मुलुंडच्या माझ्या एका स्नेह्यांचा फोन आला. त्यांचा तेवीस वर्षांचा मुलगा तीन मित्रांसह कर्जतच्या पलीकडे एका चिखलाच्या उतारावर जीप चढवत होता. गाडी आडवी झाली, दीड पलटी खाऊन छतावर थांबली. मुलाचे मनगट मोडले; मागे बसलेल्या मित्राची गळपट्टीची हाडे आणि दोन बरगड्या मोडल्या. मागच्या मित्राने पट्टा लावलेला नव्हता. बाकी दोघांना खरचटले. जीव वाचले, हे प्रथम.

“भाऊ, तुम्ही बँकेत होता. पुढे काय करायचं ते सांगा,” स्नेही म्हणाले. मी इस्पितळात पोहोचलो तोवर मुलाला प्लॅस्टर घातले होते आणि चर्चा क्लेमवर आली होती. व्यापाऱ्याच्या घरी हे स्वाभाविकच आहे. त्यात मला काही गैर वाटले नाही.

आपल्या उपनगरांत जीप नवखी नाही. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत महिंद्रांनी माझगावात परदेशी सुट्या भागांतून जीप जोडायला सुरुवात केली आणि पुढे कांदिवलीच्या कारखान्यातून ती देशभर गेली. बोरिवली-कांदिवलीच्या कितीतरी घरांची चूल त्या कारखान्यावर पेटली. त्या काळी जीप हे कामाचे वाहन होते. शेतावर, धरणावर, निवडणुकीत फिरणारे. ऑक्टोबर २०२० मध्ये नवी थार बाजारात आली आणि जीप हौसेची झाली. घाटकोपर, मुलुंड, अंधेरीच्या इमारतींखाली आज उभ्या असलेल्या या गाड्यांपैकी किती खरोखर चिखलात उतरतात हे सांगणे कठीण, पण कारखान्यातून आली तशीच राहिलेली गाडी मात्र विरळा.

स्नेह्यांच्या गाडीचेही तसेच झाले होते. सव्वादोन वर्षांपूर्वी घेतलेली थार. मुलाने कुर्ला-कलिन्याच्या सी.एस.टी. रोडवरून तिला उंच करणारा लिफ्ट किट बसवला, मोठी टायरे घातली, पुढे लोखंडी बंपर व त्यावर विंच, छतावर कॅरिअर, त्यावर दिव्यांची पट्टी. एकूण खर्च ३,४०,०००. कारखान्याच्या इंजिनिअरांनी जो तोल मोजून ठेवला होता, तो या खर्चाने बिघडला.

हा तोल मोजण्याचा हिशेब वाणिज्य शाखेच्या माणसालाही कळेल इतका सोपा आहे. दोन्ही चाकांमधील अंतराच्या निम्म्याला गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागायचे. समजा चाकांमधील अंतर १५० सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्य जमिनीपासून ६५ सेंटिमीटरवर आहे. तर ७५ भागिले ६५, म्हणजे साधारण १.१५. आता किट, टायरे आणि छतावरचे ओझे मिळून गुरुत्वमध्य आठ सेंटिमीटर वर गेला, तर तोच आकडा १.०३ वर येतो. रस्त्यावरच्या साध्या मोटारीचा हा आकडा बहुधा १.३ च्या वर असतो. आकडा जितका लहान, तितकी गाडी लवकर उलटते. उतारावर चाक दगडाला किंवा चरीला अडखळले की उरलेले काम गाडीचे वजनच करते.

त्या मुलांनी एक चूक केली आणि एक शहाणपण. चूक अशी, की गावकऱ्यांच्या मदतीने गाडी सरळ केल्यावर लगेच किल्ली फिरवली. गाडी उलटी असताना इंजिनमधील तेल सिलिंडरमध्ये उतरते. द्रव दाबला जात नाही. त्यामुळे इंजिन फिरवताच आतील दांडा वाकतो. मेकॅनिकने आधी सिलिंडरमधील तेल काढायला हवे असते. शिवाय विम्याच्या पॉलिसीतच अट असते, की अपघातानंतर दुरुस्तीपूर्वी गाडी चालवली आणि नुकसान वाढले, तर तो वाढीव भार मालकाचा. शहाणपण असे, की जखमी मित्राला ओढून न काढता, एकाने त्याच्या डोक्याखाली आधार धरला आणि मगच बाहेर घेतले. उलट्या गाडीत पट्ट्याला लटकलेल्या माणसानेही आधी एक हात छताला टेकवावा, मग पट्टा सोडावा. नाहीतर सारे वजन मानेवर येते.

आता कागदांकडे वळतो, कारण माझा अधिकार तेवढाच.

गाडी भागीदारी पेढीच्या नावावर होती. आपल्याकडे हे सर्रास होते. घसारा मिळतो, कर्जाचे व्याज खर्ची पडते. मात्र कोणी विचारत नाही, की पेढीच्या नावावरच्या गाडीला ‘मालक-चालकाचा’ वैयक्तिक अपघात विमा मिळत नाही. २०१८ मध्ये १५ लाखांचे झालेले ते सक्तीचे संरक्षण व्यक्तिगत मालकासाठी असते. पेढीला हात-पाय नसतात. ती अपंग होत नाही. म्हणजे या मुलाच्या बाबतीत काही कायमचे विपरीत घडले असते, तर घराला त्या सदराखाली एक रुपयाही मिळाला नसता. ‘तृतीय पक्ष’ म्हणूनही नाही. कारण स्वतःच्या चुकीने गाडी उलटवणारा तृतीय पक्ष ठरत नाही. कर्नाटकात २०१४ साली अशीच एक मोटार उलटून चालक गेला. त्याच्या वारसांनी ८० लाखांची मागणी केली होती. ती २ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊनही फेटाळली गेली.

मागच्या आसनावरील मित्राचे तसे नव्हते. पॅकेज पॉलिसीत खाजगी मोटारीतील प्रवाशांची जबाबदारी विमा कंपनीवर येते; विमा नियामकाने २००९ मध्ये हे स्पष्ट केले आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केले. केवळ थर्ड पार्टी विमा उतरवलेल्या गाडीत मात्र ही सोय नाही. जुन्या जीप हौसेने विकत घेऊन स्वस्तातला विमा उतरवणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. मागे बसवलेला मित्र मग केवळ आपल्या खिशाच्या भरवशावर असतो.

इस्पितळाच्या व्हरांड्यात दुसऱ्या दिवशी सकाळी खरी परीक्षा उभी राहिली. मुलाचे परदेशी शिक्षणाचे कागद तयार होत होते. सोयरिकीची बोलणीही सुरू होती. पोलिसात बेदरकार चालवण्याची नोंद झाली तर? भारतीय न्याय संहितेतील कलम २८१ आणि १२५ कोणीतरी मोबाइलवर वाचून दाखवले. स्नेही हळूच म्हणाले, “फॉर्मवर आपल्या ड्रायव्हरचं नाव लिहू. अकरा वर्षं आहे आपल्याकडे. परवाना पक्का आहे. आणि जागा उतारावरची नको, डांबरी रस्त्यावर घसरली म्हणू.” ड्रायव्हर तिथेच उभा होता. तो म्हणाला, “शेठ, लिहा माझं नाव. माझं काय जाणार आहे?”

त्याचे काय गेले असते हे मला माहीत होते. गुन्हा त्याच्यावर नोंदला असता, उलटतपासणी त्याची झाली असती आणि जखमी मित्राला आयुष्यभर खोटे बोलावे लागले असते. मुलाचा परवानाही वैध होता. म्हणजे खोट्याची गरजही नव्हती, होती ती फक्त भीती. मी हे सारे सांगायच्या आतच मुलाची आई बोलली. त्या फारशा बोलत नाहीत. म्हणाल्या, “रोज प्रतिक्रमणात कूटलेखाची क्षमा मागतो. आणि आज तोच फॉर्मवर लिहून द्यायचा?”

सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख तयार करणे, हा स्वतंत्र अतिचार आहे, हे प्रवचनात अनेकदा ऐकले होते. मोटार विम्याच्या फॉर्मशी त्याचा इतका थेट संबंध येईल असे मला कधी वाटले नव्हते. स्नेही बराच वेळ गप्प बसले. मग फॉर्म माझ्याकडे सरकवून म्हणाले, “भाऊ, जसं झालं तसं लिहा.”

लिहिले. चालक मुलगा, जागा चिखलाचा उतार, गाडीत बदल केलेले. पोलिसांना कळवले, मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ हे तर सांगतेच.

सर्व्हेअर भला माणूस होता, पण त्याने जे विचारायला हवे ते विचारले. बदलांची बिले? निम्मी कच्च्या पावत्यांवर. पेढीच्या वहीत तो खर्च ‘दुरुस्ती व देखभाल’ खात्यात टाकलेला. दिव्यांच्या पट्टीसाठी, विद्युत उपकरणांसाठीचा जादा हप्ता भरला होता का? नाही. आर.सी.वर बदलांची नोंद? नाही. पंधरा दिवसांत कंपनीचे पत्र आले: गाडीत परवानगीविना बदल केल्याने संपूर्ण दावा नामंजूर.

कंपनीचा मुद्दा अगदीच पोकळ नव्हता. कलम ५२ प्रमाणे, निर्मात्याने दिलेल्या तपशिलाहून आर.सी.चा तपशील वेगळा पडेल असा बदल मालकाला करता येत नाही. ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळमधून आलेल्या एका प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले. त्यानंतरच्या दुरुस्तीने कलम १८२-अ मध्ये प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड वा सहा महिन्यांपर्यंत कैद, अशी तरतूद आली. विकणारा दुकानदार हे सांगत नाही; त्याच्या काउंटरवर तसा फलकही नसतो.

पण नामंजुरीच्या पत्राला शेवटचा शब्द मानू नये, हेही मी बँकेत शिकलो. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे, की पॉलिसीच्या अटीचा भंग मूलभूत नसेल तर संपूर्ण दावा नाकारण्याऐवजी ७५ टक्क्यांपर्यंत ‘नॉन-स्टँडर्ड’ तत्त्वावर तडजोड करता येते. आम्ही तसे पत्र लिहिले. त्यात एकही शब्द फुगवला नाही. बदल मान्य केले, ते पेढीच्या चुकीने नोंदवले गेले नाहीत हेही मान्य केले, आणि सर्व्हेअरच्या अहवालातील प्रत्येक आकडा जोडला. शर्यतीत किंवा प्रवेश शुल्क भरून कोणा मंडळाच्या चाचणीत ही गाडी उतरली नव्हती, हे आमच्या बाजूने होते. तशी उतरली असती तर पॉलिसीतील ‘वापराच्या मर्यादा’ हे सदरच आड आले असते. त्यासाठी आधी वेगळे संरक्षण घ्यावे लागते.

चार महिन्यांनी उत्तर आले. हिशेब वाचकांसमोर ठेवतो, कारण व्यापाऱ्याला आकड्यांतून जे कळते ते उपदेशातून कळत नाही. गॅरेजचा अंदाज ६,९०,००० रुपये. विमित मूल्य ९,८०,००० होते. खर्च त्याच्या ७५ टक्क्यांपलीकडे, म्हणजे ७,३५,००० च्या वर गेला असता तर गाडी ‘टोटल लॉस’ धरली असती. तसे झाले नाही. दोन ते तीन वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागांवर १५ टक्के घसारा, रबर-प्लॅस्टिक आणि बॅटरीवर ५० टक्के, रंगाची कपात, सक्तीची कपात; उरले ४,८०,०००. त्याचे ७५ टक्के ३,६०,०००. घाटातून गाडी आणणाऱ्या क्रेनचे १८,००० झाले होते. पॉलिसीत त्यासाठी १,५०० धरलेले. हौसेच्या ३,४०,००० चे शून्य.

उत्तर प्रतिकूल आले असते तर सांताक्रूझला एस.व्ही. रोडवर विमा लोकपालांचे कार्यालय आहे. तेथे व्यक्ती, एकल मालकीचे व्यवसाय आणि सूक्ष्म उद्योग यांच्या ५० लाखांपर्यंतच्या तक्रारी विनाशुल्क ऐकल्या जातात. नामंजुरीपासून एका वर्षाच्या आत जावे लागते.

‘टोटल लॉस’ झालेल्या गाडीविषयी एक वेगळी सूचना, कारण आपल्यातले अनेक जण सांगाडा भंगारवाल्याला देऊन मोकळे होतात. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत आर.टी.ओ.ला कळवायचे असते. सांगाडा विकलात आणि आर.सी. आपल्याच नावावर राहिली, तर उद्या कोणी तो जोडून रस्त्यावर आणला आणि अपघात केला, तरी नोटीस आपल्या पेढीवर येईल. नोंदणीत ज्याचे नाव तोच मालक, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये बजावले आहे. कर्ज असेल तर धनादेश आधी बँकेकडे जाईल, हे वेगळे सांगायला नको.

एक गोष्ट मी त्या घरात बोललो नाही, इथे लिहितो. ही जीपची हौस नेमकी पावसाळ्यात भरात येते, कारण चिखल तेव्हाच मिळतो. त्याच चार महिन्यांत आपले साधू-साध्वी जमिनीवरच्या जीवांसाठी विहार थांबवून एका जागी राहतात. अनर्थदंडाची व्याख्या कोणाला समजावून सांगण्याचा माझा अधिकार नाही, पण त्या उतारावरचे चाकांचे चर मी नंतर पाहिले. गवत मुळापासून उपटलेले होते.

पोलिसांत नोंद झाली. मुलाने स्वतः जाऊन जबाब दिला. सोयरिकीच्या घरी त्याच्या वडिलांनी आधीच सगळे सांगून टाकले. त्यांनी पंधरा दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला. परदेशी जाणे एका वर्षाने लांबले. गाडी मूळ अवस्थेत आणून घेतली. काढलेला किट, बंपर आणि टायरे भिवंडीच्या गोदामात पडून आहेत. अंधेरीचा एक मुलगा ते घ्यायला आला होता, स्नेह्यांनी दिले नाहीत.

मित्राचा दावा न्यायाधिकरणासमोर आहे. त्याचा उजवा हात अजून खांद्याच्या वर जात नाही. दर मंगळवारी आणि शुक्रवारी मुलगा त्याला घेऊन लोकलने घाटकोपरला फिजिओथेरपीसाठी जातो.