जर्मन बिल्ला आणि रत्नागिरीची नळी

२३ जून १९१७ रोजी पी. अँड ओ. कंपनीची 'मंगोलिया' ही बोट मुंबईच्या दक्षिणेला सुमारे ५० सागरी मैलांवर, म्हणजे साधारण श्रीवर्धन-बाणकोटच्या समोरच्या समुद्रात, सुरुंगावर जाऊन बुडाली. २३ माणसे गेली. तो सुरुंग चार महिन्यांपूर्वी 'वुल्फ' नावाच्या जर्मन बोटीने पेरला होता. त्याच जूनमध्ये 'क्रॉक्सटेथ हॉल' आणि जुलैअखेर 'ओखला' या बोटीही तशाच गेल्या. 'सिटी ऑफ एक्झिटर' मात्र फुटक्या अवस्थेत मुंबईला पोचली.

'वुल्फ'सारख्या बोटींवरच्या माणसांच्या वस्तू जमवणारे संग्राहक जगभर आहेत. बिल्ले, टोप्यांच्या फिती, पोस्टकार्डे, पगारपुस्तिका यांना चढे भाव येतात. पण सुरुंगाच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या खलाशाच्या वस्तू कोणी जमवल्या? त्या शोधायला रत्नागिरीइतका जवळचा जिल्हा दुसरा नाही.

बोट कसली?

इंग्रजीत 'ऑक्झिलरी क्रूझर', जर्मनमध्ये 'हिल्फस्क्रॉयझर', म्हणजे सहायक क्रूझर. मूळची साधी मालवाहू बोट. तिच्यावर तोफा चढवायच्या, त्या खोट्या भिंतींआड लपवायच्या, दुसऱ्या देशाचा झेंडा आणि रंग घ्यायचा, आणि शत्रूची व्यापारी बोट टप्प्यात आली की खरा झेंडा वर चढवायचा. 'वुल्फ' ३० नोव्हेंबर १९१६ ला कीलहून निघाली आणि कोणत्याही बंदराला न लागता ४५१ दिवसांनी परतली. कप्तान कार्ल नेरगर. बोटीवर टेहळणीसाठी एक छोटे जलविमान होते, त्याचे लाडके नाव 'वुल्फ्शेन', म्हणजे लांडग्याचे पिल्लू.

'फेल्स' नावाच्या बोटी

मला सर्वांत अस्वस्थ करणारी गोष्ट इथे आहे. 'वुल्फ' आधी 'वाख्टफेल्स' होती. दुसऱ्या महायुद्धातली 'अटलांटिस' आधी 'गोल्डनफेल्स', आणि 'पिंग्विन' आधी 'कांडेलफेल्स'. तिन्ही ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या. ही कंपनी १८८१ मध्ये निघाली, भारताशी व्यापार हा तिचा मुख्य धंदा होता, आणि तिच्या बोटींवर भारतीय खलाशी मोठ्या संख्येने कामाला असत. गोव्यात मुरगावच्या बंदरात आसरा घेतलेली आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री पेटवून बुडवलेली 'एरेनफेल्स' हीसुद्धा हान्साचीच, 'गोल्डनफेल्स'ची सख्खी बहीण म्हणावी अशी. तेव्हा आजोबांच्या कागदांत 'फेल्स'ने संपणारे नाव सापडले तर ते वाचनाची चूक समजून सोडून देऊ नका. शांततेच्या काळात त्यांनी जर्मन बोटीवर नोकरी केलेली असू शकते.

जर्मन बाजूच्या वस्तू ओळखताना

सहायक क्रूझरवरच्या माणसांसाठी वेगळा बिल्ला २४ एप्रिल १९४१ ला सुरू झाला: पृथ्वीच्या गोलावर व्हायकिंगांची शिडाची नाव, भोवती पानांची माळ, वर स्वस्तिकधारी गरुड. त्याच्या नकला बाजारात भरपूर आहेत. नुसता बिल्ला मुका असतो. ज्याला तो मिळाला त्याच्या नावाचे, अधिकाऱ्याच्या सहीचे प्रमाणपत्र सोबत असेल तरच तो बोलतो. दुसरी खूण टोपीची. युद्धकाळात जर्मन नौसैनिकांच्या टोपीच्या फितीवर बोटीचे नाव नसे, फक्त 'क्रीग्समरीने' एवढाच शब्द असे. 'अटलांटिस' असे नाव विणलेली फीत कोणी दाखवली तर आधी शंका घ्यावी.

'बोटीवरून आणलेली वस्तू' या दाव्याकडेही सावधपणे पाहावे. 'पिंग्विन', 'अटलांटिस', 'कोरमोरान' या तिन्ही सहायक क्रूझर १९४१ मध्येच बुडाल्या. खलाशांच्या पेट्या त्यांच्याबरोबर तळाला गेल्या. मागे उरले ते बहुतेक घरी पाठवलेली पत्रे, फोटो आणि नंतर कुटुंबाला मिळालेली पदके. याउलट 'वुल्फ' सुखरूप परतली, म्हणून तिच्या माणसांचे कागद आणि फोटो आजही हाती लागतात. जर्मन बोटींच्या युद्धरोजनिश्या फ्रायबुर्गच्या लष्करी अभिलेखागारात आहेत. तिथे 'अटलांटिस' शोधताना 'शिफ १६' आणि 'पिंग्विन' शोधताना 'शिफ ३३' हे क्रमांकही लागतात.

आपल्या पेटीत काय असते

राजिवडा, कर्ला, जयगड, दाभोळ, बाणकोट. या खाड्यांकाठच्या घरांतून पिढ्यान्पिढ्या माणसे 'बोटीवर' गेली. मुंबईहून सुटणाऱ्या बोटींच्या डेकवर रत्नागिरीचे कोकणी मुसलमान आणि इतर दर्यावर्दी मोठ्या संख्येने असत. सारंग, टंडेल, सुकाणी, कसाब, खलाशी अशी त्यांची उतरंड. इंजिनखोलीत पंजाबकडचे लोक जास्त, जेवणघरात गोव्याचे.

या माणसाची खरी ठेव म्हणजे 'नळी'. खलाशाच्या नोकरीचा अखंड दाखला, ज्यात प्रत्येक फेरीची बोट, चढल्या-उतरल्याची तारीख आणि शेरा नोंदलेला असतो. माझ्या मते संग्राहकाने शंभर बिल्ले सोडून एक नळी जपावी. तिच्यातल्या नोंदी अचानक थांबल्या असतील, तर थांबल्याची तारीख बोट बुडाल्याच्या तारखेशी ताडून पाहायची.

याशिवाय पहिल्या महायुद्धाची पदके. त्यांच्या कडेवर खलाशाचे नाव कोरलेले असते, ते भिंगाने वाचावे. आणि छापील 'क्रीग्सगेफांगेनेनपोस्ट' हा शब्द असलेले कार्ड मिळाले तर ते युद्धकैद्याचे पत्र. ब्रेमेनजवळ वेस्टरटिमके इथे व्यापारी खलाशांची छावणी होती, तिच्यात भारतीयांचा वेगळा भाग होता. १९४५ च्या एप्रिलअखेर ती मोकळी झाली. मजकूर उर्दूत, मोडीत, किंवा दुसऱ्याने लिहून दिलेल्या इंग्रजीत असू शकतो. वाचता येत नाही म्हणून टाकून देऊ नये.

८ मे १९४१

एप्रिलअखेरीस 'पिंग्विन'ने 'एम्पायर लाइट' आणि 'क्लॅन ब्युकॅनन' पकडून बुडवल्या, ७ मे रोजी 'ब्रिटिश एम्परर'. त्या शेवटच्या बोटीने मरता मरता बिनतारी संदेश पाठवला आणि त्यामुळे 'कॉर्नवॉल' ही ब्रिटिश क्रूझर माग काढत आली. दुसऱ्या दिवशी तिच्या तोफगोळ्यांनी 'पिंग्विन'मधल्या सुरुंगांचा साठा उडाला. कप्तान क्रूडर आणि ३०० हून अधिक जर्मन गेले. ६० वाचले. पकडलेल्या बोटींवरून आणून खालच्या मजल्यावर कोंडलेल्या कैद्यांपैकी २०० हून अधिक मेले, आणि त्यांत मोठा भरणा भारतीय खलाशांचा होता. आपल्याच बाजूच्या तोफांनी ते मेले. जर्मन वाचलेल्यांच्या आठवणी छापल्या गेल्या, त्यांच्या सह्यांचे फोटो विकले जातात. या खलाशांची नावे शोधायला मात्र रजिस्टर चाळावे लागते.

नावाचा माग

लंडनच्या टॉवर हिल स्मारकावर भारतीय व्यापारी खलाशांची नावे शोधून उपयोग नाही. समुद्राखेरीज दुसरी कबर नसलेल्या २,००० हून अधिक खलाशांचे १९१४-१८ चे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरजवळच्या खलाशीगृहात आहे. दुसऱ्या युद्धाची नावे मुंबईत आणि चितगावला ठेवलेल्या जुळ्या नोंदवह्यांत आहेत, त्यांत व्यापारी नौदलाचे जवळपास ६,००० जण. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या यादीत ही नावे घरबसल्या शोधता येतात.

अडचण स्पेलिंगची. इंग्रज कारकुनाने ऐकले तसे लिहिले. एकाच इब्राहिमची चार रूपे होतात, आणि जुन्या कागदांत रत्नागिरी 'रटनाघेरी' होऊन बसते. म्हणून नावापेक्षा बोट आणि तारीख आधी धरावी, मग वडिलांचे नाव, मग गाव.

घरी विचारताना

पेटी उघडून मागू नका. घरातल्या वयस्कर बाईला विचारा, कारण पगाराची मनिऑर्डर कधी थांबली हे तिच्या सासूने तिला सांगितलेले असते. फोटो तिथेच काढा, वस्तू तिथेच राहू द्या. मूळ कागद घरच्यांकडे आणि नक्कल संग्राहकाकडे, हा मला योग्य वाटणारा व्यवहार आहे.

जपणूक आणि कायदा

कोकणातला पावसाळा कागदाचा वैरी. लॅमिनेशन नको, चिकटपट्टी नको. आम्लरहित कागदाचे पाकीट, हवाबंद डबा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि ऑक्टोबरचे ऊन पडले की सावलीत उघडून पाहणे. पदकाला पॉलिश करू नये, कडेवरचे नाव झिजते.

१९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे १०० वर्षांहून जुनी वस्तू आणि ऐतिहासिक मोलाचा ७५ वर्षांहून जुना दस्तऐवज 'पुरावस्तू' ठरू शकतो, आणि तो परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाही. १९४१ ची नळी आता या मर्यादेत येते. परदेशी संग्राहकाने चांगला भाव सांगितला तरी आधी हे तपासावे. आणि फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: नाव, वडिलांचे नाव, वाडी, बोट.