भूगर्भशास्त्रज्ञाची सनद

वैद्य व वकील यांस धंदा सुरू करण्यापूर्वीं सनद घ्यावी लागते, हें आमच्या वाचकांस ठाऊकच आहे. परंतु दगडमातीची परीक्षा करणाऱ्या भूगर्भशास्त्रज्ञासही कांहीं देशांत तशीच सनद लागते, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. रोग्याच्या प्राणाशीं वैद्याची गांठ असते; दगडाची परीक्षा चुकली तर कोणाचें काय बिघडणार? या शंकेचें उत्तर अमेरिकेंतील एका धरणाच्या इतिहासांत सांपडतें.

कॅलिफोर्निया प्रांतांत लॉस एंजेलिस शहराच्या पाण्याच्या सोयीसाठीं सेंट फ्रान्सिस नांवाचें काँक्रीटचें धरण १९२६ सालीं पुरें झालें. तें बांधणारे विल्यम मुल्होलंड हे नामांकित इंजिनियर होते. ता. १२ मार्च १९२८ रोजीं धरणाच्या कडेनें गढूळ पाणी झिरपतांना दिसलें. मुल्होलंड यांनीं स्वतः पाहणी करून धोका नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच दिवशीं मध्यरात्रीच्या सुमारास धरण फुटलें, आणि चारशेंहून अधिक माणसें प्राणांस मुकलीं.

बांधकामापेक्षां अधिक दगा दिला तो खालच्या भूमीनें. पश्चिमेकडील तांबडा खडक कोरडा असतां कठीण दिसे, पण पेलाभर पाण्यांत टाकला तर तो फुटून त्याचा चिखल होई. पूर्वेकडील पदरापदरांचा खडक एका पुरातन दरडीचा भाग होता, असें पुढील अभ्यासकांनीं दाखविलें. एवढ्या मोठ्या कामाचा निर्णय एकट्या मनुष्याच्या मतावर सोंपवूं नये, असा अभिप्राय चौकशीच्या ज्यूरीनें दिला. मुल्होलंड यांनींही दोष दुसऱ्यावर न ढकलतां आपल्या शिरावर घेतला.

१९२९ सालीं त्या प्रांतांत स्थापत्य इंजिनियरांस सनद आवश्यक झाली. पुढें डोंगरउतारांवर वस्ती वाढली, दरडी घरांवर येऊं लागल्या, आणि १९६८ च्या कायद्यानें भूगर्भशास्त्रज्ञांसही सनदेचें बंधन आलें.

ही सनद मिळवावयाची कशी, तें आतां सांगतों. प्रथम विश्वविद्यालयांत भूगर्भशास्त्राचा नेमलेला अभ्यास पुरा करावा लागतो. मग शास्त्राच्या मूलतत्त्वांची परीक्षा. त्याबरोबर सुमारें पांच वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो. त्यांत शिक्षणाबद्दल कांहीं सूट मिळते. त्यानंतर व्यवसायविषयक परीक्षा, व शेवटीं त्या प्रांताची स्वतंत्र परीक्षा. इतक्या पायऱ्या चढल्यावर उमेदवारास आपल्या अहवालावर सही व शिक्का करण्याचा अधिकार येतो. मात्र हयगय सिद्ध झाल्यास सनद काढून घेतां येते.

इंग्लंडांतील रीत निराळी आहे. तेथें १८०७ सालीं स्थापन झालेली लंडनची भूगर्भशास्त्रीय संस्था योग्य व अनुभवी सभासदांस 'चार्टर्ड जिऑलॉजिस्ट' ही पदवी देते. ती सरकारी परवाना नसून समव्यवसायी मंडळींनीं दिलेली मान्यता होय. आपल्या देशांत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण या १८५१ सालीं स्थापन झालेल्या खात्यांत भूवैज्ञानिक म्हणून शिरूं इच्छिणाऱ्यास संघ लोकसेवा आयोगाची परीक्षा द्यावी लागते. परंतु ती नेमणुकीची परीक्षा आहे, सनदेची नव्हे.

पालकांस वाटेल कीं, इतक्या परीक्षा म्हणजे तरुणांच्या मार्गांतील अडथळेच होत. आम्हांस तसें वाटत नाहीं. जें काम आपल्या ज्ञानाच्या आटोक्याबाहेरचें आहे तें सनदधारकानें पत्करूं नये, असा कॅलिफोर्नियाच्या नियमांत दंडक आहे. सही कोठें करावी हें परीक्षा शिकवितात. ती कोठें करूं नये, हें ओळखण्यास अनुभव व सचोटी लागते. विद्यार्थिमित्रांनो, डोंगर पाहून ज्यांस त्याच्या पोटांत काय असेल असा प्रश्न पडतो, त्यांनीं या विद्येकडे अवश्य वळावें. पण आपल्या एका शब्दाच्या भरंवशावर खालच्या खोऱ्यांतील माणसें रात्रीं निश्चिंत झोंपतात, याचा विसर कधींही पडूं देऊं नये.